पेल्याची तपासणी

गुरुशांतनं स्टीलचा पेला काठोकाठ भरला, पिकअपच्या डॅशबोर्डवर ठेवला आणि प्रभुला म्हणाला,

"चालव. गतिरोधकावर ब्रेक मारलास तर कानाखाली काढीन."

प्रभु हा ठेकेदार दिग्विजयदादांचा ड्रायव्हर. कानाखाली खायची त्याला सवय होती, पण ती दादांच्या हातची. त्यानं मुकाट्यानं गाडी अक्कलकोट रोडला काढली. पहिला गतिरोधक गेला, दुसरा गेला. पाणी कडेपर्यंत हललं आणि परत बसलं. थेंब सांडला नाही.

तेवीस वर्षं गुरुशांत गॅरेजमधलं आपलं काम असंच तपासत आला होता. सांडलं, की गाडी परत जॅकवर. या पिकअपला त्यानं चार दिवस घातले होते. माल वाहायला मागच्या चाकांवर ठोकलेले स्प्रिंगचे जादा पाटे काढून मऊ पाटे बसवले होते, शॉकअप नवे, रबरी बुश नवे. रिकामी गाडी उडू नये म्हणून हौद्यात वाळूची चार पोतीही टाकली होती. एवढं लाडाकोडाचं काम त्यानं स्वतःच्या लग्नातही केलं नव्हतं.

"पाळणा झालाय की हो पाळणा!" प्रभु खुशीत म्हणाला. "उद्या साहेबांना झोप लागंल."

"कुठले साहेब?"

"खात्याचे. होटगीपासनं तुमच्या वस्तीपतोरचा रस्ता पास करायला येणार हायती. ते खाली उतरत न्हाईत, बसल्या जागी तपासत्यात. दादा म्हणले, रस्ता परत करण्यापरीस गाडी करणं सोपं."

गुरुशांतनं पेला उचलला आणि पाणी खिडकीबाहेर फेकलं. निम्मं प्रभुच्या मांडीवर पडलं. ते चुकून नव्हतं.

हा रस्ता होळीला झाला होता आणि जूनपर्यंत उखडलाही होता. श्रावणात गुरुशांतच्या मोटारसायकलवरून त्याची बायको सुंदरम्मा त्याच रस्त्यावर पडली. मनगट मोडलं, ते वाकडंच जुळलं. आता खड्ड्यांवर मुरूम पसरला होता आणि त्यावर पाणी मारलं होतं. एकदा कागदावर सही झाली, की पुढची पाच वर्षं या रस्त्याकडं कुणी ढुंकूनही बघणार नव्हतं.

गॅरेजवर दादा खुर्ची टाकून बसलेच होते.

"जुने पाटे परत घालतो," गुरुशांत म्हणाला. "गाडी ठेवा हितंच."

"का रे? काम बिघडलं का?"

"काम झ्याक झालंय. तेच वाईट झालंय."

दादा हसले. दादा सगळ्यांकडं बघून प्रेमानं हसत, म्हणून तर त्यांना ठेके मिळत.

"दादा, माझ्या बायकूचा हात मोडलाय त्या रस्त्यावर."

"अरेरे! मग तिला आमच्या पिकअपमधनं पाठवत जा की. आता बसायला लई भारी झालीय." दादा उठून गाडीत बसले. "आणि तो पेला राहू दे गाडीत. साहेबांना दाखवायला बरा."

गुरुशांतच्या मुठीत बाराचा पाना होता. गाडी दिसेनाशी झाल्यावर तो त्यानं पत्र्यावर असा भिरकावला, की शेजारच्या पंक्चरवाल्यानं दुकान बंद केलं.

घरी आल्यावर त्यानं मोटारसायकलला लाथ घातली.

"एन्री, अहो, तिला कशाला मारताय?" सुंदरम्मा चुलीपासून म्हणाली. "तिनं काय केलंय?"

त्यानं सगळं सांगितलं. आपल्याच हातानं केलं, हे दोनदा सांगितलं. ती डाव्या हातानं भाकरी थापत ऐकत होती. भाकरी एरवीपेक्षा जोरात थापली जात होती. शेवटची तव्यावर टाकून ती उठली आणि फळीवरचा दुसरा पेला काढून घासायला बसली.

सकाळी पिकअप वस्तीच्या टोकाला, शाळेपुढं थांबली. काचा बंद, आत गार हवा. साहेबांच्या मांडीवर फाईल उघडी होती.

"सात किलोमीटर, साहेब," दादांनी डॅशबोर्डकडं बोट केलं. "एक थेंब न्हाय."

"छान काम आहे," साहेब म्हणाले आणि त्यांनी पेनचं टोपण काढलं.

तेवढ्यात मागून मोटारसायकल आली. पुढं गुरुशांत, मागं सुंदरम्मा. तिच्या साडीला गुडघ्यापर्यंत चिखल झाला होता आणि वाकड्या हातात पेला होता. तळाला घोटभर पाणी उरलं होतं. गुरुशांतनं काच वाजवली. ती खाली होईपर्यंत वाजवत राहिला.

"सायेब, आमी होटगीपासनं तुमच्या मागंच हुतो. निघताना ह्यो पण भरलेला हुता."

"अहो, तुमची गाडी कसली!" दादा ओरडले.

"रस्ता त्योच हाय की," सुंदरम्मा म्हणाली.

साहेबांनी तिच्या पेल्याकडं बघितलं, मग डॅशबोर्डवरच्या. त्यांचं पेन कागदावर टेकलेलं होतं आणि तिथं शाईचा ठिपका मोठा होत होता.

गुरुशांतनं खिडकीतून हात घालून आपला पेला उचलून घेतला. अजूनही त्याच्यातला थेंब सांडला नाही. तो त्यानं बायकोकडं दिला, वळून मोटारसायकलचं तोंड होटगीकडं केलं आणि किक मारली. सुंदरम्मानं आपला पेला पिकअपच्या बॉनेटवर ठेवला आणि पदरानं मोटारसायकलची मागची सीट पुसली. मग भरलेला पेला दोन्ही हातांनी साहेबांपुढं धरला.

"नको बाई," साहेब म्हणाले. "तहान नाही मला."

"प्यायला न्हाय, सायेब," ती म्हणाली. "धरायला."