कवळीवाल्यांचा राजीनामा

कवळीवाले एकोणतीस वर्षं लोकांचे दात बनवत आणि दुरुस्त करत होते, आणि एवढ्या काळात त्यांनी एकाचे दात दुसऱ्याच्या तोंडात कधी जाऊ दिले नव्हते. त्या गुरुवारी मात्र निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंची दुरुस्त झालेली कवळी एका निवृत्त बस ड्रायव्हरच्या पाकिटात गेली, आणि ड्रायव्हरची बाईंच्या.

बाईंचं तोंड मिटेना. त्या तशाच, रुमाल धरून, दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. ड्रायव्हरने तर चार दिवस तक्रारच केली नाही. दुरुस्तीची वस्तू आहे, रुळेल हळूहळू, असं म्हणत तो बाईंच्या दातांवर दिवस काढत राहिला.

डॉक्टरीणबाई हेल्मेटही न काढता कारखान्यात आल्या. कारखाना म्हणजे एकच खोली. खिडकीशी टेबल, टेबलावर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, मेण तापवायचा दिवा, आणि या सगळ्याच्या मधोमध उभा करून ठेवलेला मोबाइल. डॉक्टरीणबाई तोंड उघडणार एवढ्यात मोबाइलमधून रणशिंग वाजलं.

“हे काय वाजलं?”

“किल्ला पडला,” कवळीवाले म्हणाले.

“कुणाचा?”

“आमचा.”

मग सगळं बाहेर आलं. मोबाइलवरच्या एका लढाईच्या खेळात कवळीवाले तीन वर्षं सेनापती होते. तिथे त्यांचं नाव होतं ‘पोलादी दाढ’. हाताखाली चाळीस माणसं, कुठल्या कुठल्या गावची, एकाचंही तोंड कधी पाहिलेलं नाही. गुरुवारी चारला हल्ला होता. कवळीवाल्यांनी डाव्या हाताने तोफा पुढे काढल्या आणि उजव्या हाताने पाकिटांवर नावं घातली. तोफा बरोबर जागी गेल्या होत्या.

डॉक्टरीणबाईंनी एका समुपदेशक मॅडमचा पत्ता लिहून दिला. “यांना भेटा. तोवर माझं काम मी तुमच्याकडे पाठवणार नाही.”

“मला काय वेड लागलंय?”

“तसं वाटलं असतं तर मी दुसरा माणूस शोधला असता. इथवर आले नसते.”

मॅडमच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या, कागदी रुमालांचा डबा होता आणि घड्याळ असं लावलं होतं की ते फक्त मॅडमनाच दिसावं. कवळीवाल्यांनी सवयीने आधी त्यांचे दात पाहिले. वरचा डावा सुळा किंचित वळलेला होता, बाकी ठीक.

“रोज किती वेळ खेळता?”

“दीड तास. फार तर दोन.”

मॅडमनी त्यांच्याच मोबाइलमध्ये हिशेब काढून दाखवला. सहा तास दहा मिनिटं.

“फोन चुकतोय,” कवळीवाले म्हणाले.

“असेल. पण रोज चुकतोय, आणि रोज जास्तीच दाखवतोय.”

मग मॅडमनी विचारलं, तिथे जाऊन मिळतं काय?

“कवळी नीट बसली की माणूस ती विसरतो,” ते म्हणाले. “विसरायलाच पाहिजे, नाहीतर ती कवळी कसली? टोचली तरच माझी आठवण निघते. आणि तिथे मी नुसता आलो तरी चाळीस जण लिहितात, सेनापती आले.”

“घरी गेल्यावर काय म्हणतात?”

“बायको म्हणते, दार लावून घ्या.”

मॅडमनी त्यांना एक वही ठेवायला सांगितली. खेळावंसं वाटलं की वेळ लिहायची, आधी काय झालं ते लिहायचं, आणि खेळलो की नाही तेही. कवळीवाले कामात चोख, त्यांनी रकाने आखले. सोमवार: डॉक्टरीणबाईंनी चौकशीला फोन केला, खेळावंसं वाटलं. मंगळवार: कुणाचाच फोन नाही, खेळावंसं वाटलं. मॅडमनी ते पान दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, छान लिहिताय, चालू ठेवा.

पाचव्या आठवड्यात राजीनामा द्यायचं ठरलं. कवळीवाल्यांनी दोन दिवस मसुदा केला. ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ हे शब्द घातले, काढले, परत घातले. पाठवल्यावर त्यांनी मोबाइल पालथा ठेवला, कारण चाळीस माणसांची समजूत घालायची म्हणजे खायचं काम नव्हे.

मिनिटभरात उपसेनापतीचं उत्तर आलं. त्याचं नाव ‘शांत वादळ’. त्याने लिहिलं होतं, “ठीक आहे. अधिकार माझ्याकडे द्यायला तिसरं बटण दाबा.”

बाकी तेरा जणांनी अंगठा दाखवला. सव्वीस जणांनी तोही नाही. त्याच दिवशी फौजेने हल्ला केला आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा ती जिंकली.

“जिंकले,” कवळीवाल्यांनी मॅडमना सांगितलं.

“वाईट वाटलं?”

“वाईट कशाला वाटेल? तीन वर्षं रक्ताचं पाणी केलं मी.”

“रडावंसं वाटतंय का?”

“छे,” कवळीवाले म्हणाले, आणि रुमालांचा निम्मा डबा संपवला.

अकरा दिवस बरे गेले. बाराव्या दिवशी ते ‘नवा शिपाई’ या नावाने त्याच फौजेत भरती झाले. शिपायाने हुकूम पाळायचे असतात, पण कवळीवाल्यांना डावी बाजू कच्ची दिसली आणि ते एकटेच तिकडून घुसले. शांत वादळाने त्यांना चौथ्या दिवशी हाकललं. कारण दिलं होतं, नियम सहा, बेशिस्त. नियम सहा कवळीवाल्यांनीच लिहिलेला होता.

हे सगळं त्यांनी तारीखवार वहीत उतरवलं.

“न सांगता राहिला असतात तर मला कळलंही नसतं,” मॅडम म्हणाल्या. “मग का सांगितलंत?”

“रकाना होता.”

मॅडम पहिल्यांदाच हसल्या. त्यानंतर कवळीवाल्यांनी मोबाइलमधून खेळ कायमचा काढून टाकला. डॉक्टरीणबाईंची कामंही पुन्हा सुरू झाली. आता ते सहाला घरी जाऊ लागले आणि तिथे वेगळंच त्रांगडं उभं राहिलं. ते स्वयंपाकघरात स्टूल टाकून बसत. कांदा कसा चिरावा, डब्यांची झाकणं कुठे असावीत, यावर बोलत. महिनाभराने बायको त्यांच्याबरोबर मॅडमकडे आली.

“यांना बरं केलंत, उपकार झाले,” ती म्हणाली. “पण थोडे कमी बरे करता येतील का?”

कवळीवाल्यांनी तिच्याकडे पाहिलं.

“मी आधी बोलायचे, तेव्हा हे नुसतं हं म्हणायचे. हं-शी माणूस किती बोलणार? मी सोडून दिलं. संध्याकाळी रेडिओ लावायचा, शिवण घ्यायचं, माझं बरं चाललं होतं. आता हे बोलतात, आणि मला काही सांगायची सवयच राहिलेली नाही.”

ती हे भाजीचा भाव सांगावा तसं सांगत होती. कवळीवाल्यांना मात्र खुर्चीत कुठे हात ठेवावेत ते कळेना.

मॅडमनी नवा अभ्यास दिला. रोज चहानंतर अर्धा तास. कवळीवाल्यांनी फक्त विचारायचं. सल्ला बंद.

पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, “आज काय झालं?”

“काही नाही.”

दुसऱ्या दिवशीही काही नाही. तिसऱ्या दिवशी बायकोने रेडिओ बारीक केला आणि म्हणाली, “माझी उजवीकडची दाढ दुखते. आठ महिने झाले.”

“आठ महिने? आणि मला सांगायचं नाही? दातांच्या माणसाला?”

“दोनदा सांगितलं होतं,” बायको म्हणाली. “तुम्ही म्हणालात, थांब, तोफा येताहेत.”

कवळीवाले उठले, बॅटरी घेऊन आले आणि तिला आ करायला सांगितलं. दाढ पार पोखरलेली होती. ते बराच वेळ बॅटरी धरून उभे राहिले. शेवटी बायकोच म्हणाली, “मिटू का आता?”

दुसऱ्या दिवशी कारखान्याला कुलूप लावून ते तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. दाढ वाचण्यातली नव्हती, काढावी लागली. बायको बाहेर आली ती गाल फुगवून, तोंडात कापूस धरून. तासभर बोलायचं नाही, असं तिला बजावलं होतं.

ते चालत निघाले. तिची पिशवी कवळीवाल्यांकडे होती. वाटेत त्यांनी दोनदा विचारलं, दुखतंय का, आणि दोन्ही वेळा तिने मानेने नाही म्हटलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ती थांबली आणि तिने मानेनेच हो म्हटलं. मग रस्त्याकडेच्या एका बाकावर दोघं बसली, दुखणं ओसरेपर्यंत.