एक किलो सातशे ग्रॅम

चौदा मुली आठ दिवसांच्या अंतराने दोनदा माझ्यावर उभ्या राहिल्या. दुसऱ्या खेपेस चौदाही जणींचे वजन घटलेले होते. दीड किलोहून कमी एकीचेही घटले नव्हते, दोन किलोहून जास्तही एकीचे नाही. दहा जणींची घट नेमकी एक किलो सातशे ग्रॅम होती.

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. भाजी-किराणा तोलणारा नव्हे. माणसांना उभे करून तोलणारा. खाली ओतीव लोखंडाचा चौथरा, त्यावर उभा खांब, वर पितळी दांडी आणि दांडीवर सरकणारी दोन वजने. मोठे दहा-दहा किलोंच्या खाचांत बसते, लहान शंभर-शंभर ग्रॅमनी सरकते. ज्या कारागिराने मला जुळवले, तो मला पुसता पुसता म्हणाला होता, "हे आमचं सगळ्यात कंटाळवाणं पोर. एकच गोष्ट रोज तशीच सांगतं." वजनकाट्याला याहून मोठी शाबासकी मिळत नाही. माझी मर्यादाही इथेच नोंदवून ठेवतो. मला भार कळतो. तो कशाचा आहे, हे कळत नाही.

परिचारिका घडवणाऱ्या एका निवासी शाळेत माझी नेमणूक झाली. माझी खोली चिंचोळी होती. एक खिडकी, एक खुंटी आणि कंपाउंडरचे स्टूल. टेबल नव्हते. कंपाउंडर वही मांडीवर घेऊन आकडे लिहीत असे आणि लिहिताना मान वर करीत नसे. त्याचे अक्षर मोत्यासारखे होते. मान वर न करण्याचे कारण तेच असावे.

त्या वर्षी चौदा मुली दाखल झाल्या. शेजारच्या खोलीत मेट्रनबाईंनी प्रत्येकीला एकेक जाड पाठ्यपुस्तक दिले आणि बजावले, "पुस्तक कुठे टेकवलंत, विसरलंत, तर याद राखा! आजपासून हे तुमचं तिसरं फुप्फुस." मग रांग माझ्याकडे आली. कंपाउंडरने चौदा आकडे लिहिले. आठ दिवसांनी, सकाळी अंघोळीनंतर, पुन्हा चौदा लिहिले.

दुसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर वही घेऊन आले. त्यांनी घटीचे आकडे पाहिले, तेच जाड पाठ्यपुस्तक उघडले आणि मेट्रनबाईंना वाचून दाखवले : "नॉस्टॅल्जिया. घराच्या ओढीने जडणारा विकार. लक्षणे : उदासी, निद्रानाश, वजनात झपाट्याने घट. उपाय : रुग्णास विनाविलंब घरी पाठवणे."

मित्रांनो, तुम्हाला हसू येईल; पण तो शब्द जन्मला तो आजाराचे नाव म्हणूनच. तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी वैद्यकाच्या एका विद्यार्थ्याने 'घरी परतणे' आणि 'वेदना' अशा अर्थांचे दोन प्राचीन शब्द जोडून तो घडवला. परमुलखात चाकरीला गेलेली माणसे खंगत, आणि खंगण्याला नाव हवे होते. या आजारावर जळवा लावीत, अफू देत आणि काहीच लागू पडले नाही की घरी धाडत. शाळेचे पुस्तक तेव्हाही शिळेच होते. कोणीतरी ते फुकट दिलेले होते, म्हणून चालू होते.

"चौदाही जणींना पाठवायचं?" मेट्रनबाईंनी विचारले.

"चौदाही जणींना. शरीर खोटं बोलत नाही, बाई."

मुलींमध्ये एक होती, तिला बाकीच्या वकीलबाई म्हणत. ती दारातूनच म्हणाली, "डॉक्टर, आमची घरं वेगवेगळी आहेत. कुणाच्या घरी लाड, कुणाच्या घरी मार. मग ओढ सगळ्यांना सारखी कशी हो लागली? मापून वाटल्यासारखी?"

"तुला घरची आठवण येत नाही?" डॉक्टरांनी विचारले.

वकीलबाई दारातून मागे सरली.

सगळे गेल्यावर ती मैत्रिणीला घेऊन माझ्या खोलीत आली आणि खिडकीत बसली. "खरं सांगू? एकदाही नाही आली. जन्मात पहिल्यांदा माझी स्वतःची खाट मिळालीय. पडल्या पडल्या झोप लागते. आणि हा मेला काटा म्हणतो, मी झुरतेय. मी एवढी दगड आहे का गं, की माझं मलाच कळू नये?"

"बाबा काय म्हणाले होते तुझे?"

"एकदा परत आलीस की पुन्हा उंबरा ओलांडायचा नाही."

मेट्रनबाईंनी एवढेच केले : डॉक्टरांकडून सहा दिवस मागून घेतले. "गाडीत बसवण्याआधी आणखी एकदा तोला." सहा दिवसांनी, तशाच अंघोळीनंतर, मुली पुन्हा माझ्यावर चढल्या. वकीलबाईने डोळे मिटून घेतले होते. दांडी जिथल्या तिथे राहिली. तिची, आणि चौदाही जणींची. कोणाचेही वजन आणखी घटले नव्हते.

"काटा बिघडलाय," डॉक्टर म्हणाले.

प्रमाणित वजने घेऊन मिस्तरी आला. त्याने मला तासभर तपासले. "ठणठणीत आहे, साहेब."

"म्हणजे मुली एका आठवड्यात झुरल्या आणि दुसऱ्यात बऱ्या झाल्या?"

"ते मला काय ठाऊक? मी लोखंड तपासतो."

कोणावर तरी ठपका ठेवणे भाग होते. तो पुस्तकावर ठेवला गेला नाही. चौदा मुली राहिल्या, मी गेलो. माझ्या खांबाला एक पुठ्ठा बांधण्यात आला. त्यावर कंपाउंडरच्या मोत्यासारख्या अक्षरात एकच शब्द होता : 'अविश्वसनीय'.

अडगळीच्या खोलीत मी पन्नास वर्षे काढली. दांडी काळवंडली, चौथऱ्याला गंज चढला. तो शब्द मात्र तिथेही मला अधूनमधून भेटत राहिला आणि दर वेळी पालटलेला भेटला. आधी एक तरुण डॉक्टर जुन्या पाठ्यपुस्तकांचा गठ्ठा आपटून म्हणाला, "हा रोग आता यादीतच नाही." पुढे बऱ्याच वर्षांनी दोन कारकून जुनी कपाटे मोजायला आले. एकाला आपल्या पहिल्या सायकलीची आठवण झाली आणि तो म्हणाला, "नॉस्टॅल्जिया, दुसरं काय!" त्याच्या आवाजात वेदना नव्हती. ओढ आता घराची राहिली नव्हती, काळाची झाली होती. काळाकडे परत पाठवता येत नाही. म्हणूनच बहुधा त्यावर उपाय करणे लोकांनी सोडून दिले.

मग शाळेत जुन्या विद्यार्थिनींचा सोहळा आला. मला बाहेर काढून घासले, तेल दिले आणि सभागृहात एका रंगीत फलकाखाली उभे केले. 'नॉस्टॅल्जिया कोपरा. इथे फोटो काढा.' शेजारी शोभेला तेच जाड पाठ्यपुस्तक ठेवले. ज्या आजाराचा मी साक्षीदार होतो, त्याचीच आता मी सजावट झालो होतो. पुठ्ठा कोणी काढला नाही. तो जुना दिसत होता, म्हणून छान दिसत होता.

वकीलबाई आली तेव्हा तिचे केस पांढरे होते आणि सोबत कॉलेजात जाणारी नात होती. फलक वाचून ती खुदकन हसली. "आमच्या वेळी याच्यावर इलाज करायचे."

"काहीतरीच काय, आजी! किती मस्त वाटतं त्यात."

"मस्त? मला घरी हाकलत होते त्याच्यापायी. पन्नास वर्षं झाली, अजून कळलं नाही मला. मी आनंदात होते, की नुसतं तसं समजत होते?"

नात पुस्तक छातीशी धरून माझ्यावर चढली. आजीने जुन्या सवयीने वजने सरकवून दांडी समतोल केली आणि फोटो काढला. "धर हे, जड आहे," म्हणत नातीने पुस्तक आजीच्या हातात दिले. दांडी खटकन खाली पडली.

आजीने दांडीकडे पाहिले. मग पुस्तकाकडे.

"उतरू नकोस. हलू नकोस." तिने लहान वजन मागे सरकवायला सुरुवात केली आणि पुटपुटत शंभराच्या रेघा मोजल्या. सतरा.

"काय झालं गं आजी?"

"टेकवायचं नव्हतं," आजी म्हणाली. "टेबल नव्हतं. आणि मेट्रनबाईंची भीती. आम्ही चौदाही जणी पुस्तक पोटाशी धरून उभ्या होतो गं! आठ दिवसांनी अंघोळ करून आलो, तेव्हा ते आमच्या झोपायच्या खोलीत होतं." ती हसू लागली. हसता हसता तिने माझ्या खांबाला धरले, आणि तो भार मला चांगला कळला. "मी आनंदातच होते. अगदी बरोबर समजत होते मी."

"मग आता येते का आठवण त्या खोलीची?"

"येते की. खाटेचीसुद्धा येते."

"तोच नॉस्टॅल्जिया."

"असू दे. याने वजन घटत नाही."

मित्रांनो, जुन्या वस्तूंना तेल द्या, गंज चढू देऊ नका. पण त्याहून एक मोठी विनंती आहे. आकडा चकित करणारा निघाला, तर काट्याला किंवा मनाला खोटे ठरवण्याआधी, हातात काय होते ते विचारा.

आजीने नातीकडून पेन घेतले, पुठ्ठ्यावरचा शब्द एका सरळ रेघेने खोडला आणि खाली लिहिले :

'काटा अचूक आहे. पहिल्या दिवशी मुलींच्या हातात पाठ्यपुस्तक होते. पुस्तकाचे वजन एक किलो सातशे ग्रॅम. चौघींच्या आकड्यांतला शंभर-दोनशे ग्रॅमचा फरक जेवणाचा.'