लोखंडाच्या नळीला पाणी

"बघ रंगा, मी नाव घेतलं अन् दिवा मंद झाला का न्हाई?" भाकरी थापता थापता बनुआक्का थांबल्या आणि वर बघत म्हणाल्या, "भीमे, आगं काय पायजे ते बोल की बाई! असं डोळं मिचकावून आमास्नी काय कळायचं?"

स्वयंपाकघरातला बल्ब पिवळा पडला, दोनदा लुकलुकला आणि आपण काही केलंच नाही अशा थाटात पुन्हा उजळला.

बनुआक्कांचे धाकटे भाऊ रंगनाथ ताटावर मान खाली घालून बसले होते. बल्ब त्यांनी बदलला होता. होल्डर बदलला होता. संगमनेरला जाऊन नवं बटणही आणलं होतं. उभी हयात दूध संघात कारकुनी करण्यात आणि उरलेला वेळ पुस्तकं वाचण्यात गेलेली. स्क्रू कुठल्या बाजूला फिरवला की सैल होतो, हे त्यांना दर खेपेला नव्यानं आठवावं लागे. बायको, भीमाबाई, होत्या तोवर या घरातला दिवा कधी लुकलुकला नव्हता. त्या गेल्या, पाहुणेरावळे पांगले, आणि घरभर हा खेळ सुरू झाला.

त्यात तो दहाव्याचा कावळा. प्रवरेच्या काठी पिंड ठेवून सगळी मंडळी लांब उभी राहिली. कावळे आले, बाभळीवर बसले, पण खाली एकही उतरेना. मुलगा आदिनाथ हात जोडून म्हणाला, "आई, नानांना सांभाळीन." सून रुपाली म्हणाली, "आत्याबाई, तुमची गाय इकू देनार न्हाई." बनुआक्कांनी तर धाकट्या भावजयीच्या नावानं काशी करायचं कबूल करून टाकलं. कावळे ढिम्म. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि लोक घरी गेले.

रंगनाथांच्या मनातून मात्र ते गेलं नाही. भीमाचं काय राहिलं होतं? इतक्या वर्षांच्या संसारात तुला काय हवं, असं आपण एकदाही विचारलं नव्हतं, हे त्यांना त्या काठावर उभं असताना कळलं होतं. आक्का म्हणतात तसा तिचा जीव खरंच घुटमळत असेल तर? भुताखेतांवर त्यांचा विश्वास नव्हता. पण आपला विश्वास नाही, यावरही अलीकडे त्यांचा फारसा विश्वास उरला नव्हता.

आदिनाथ सुप्याच्या कारखान्यात कामाला. त्यानं तिकडून फोन केला म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी निकिता आली. वैजनाथ वायरमनची ही मुलगी. वैजनाथ गेल्यावर तिनं आयटीआय केलं आणि बापाची हत्यारं स्कूटीच्या डिकीत घालून गावोगाव फिरू लागली.

"नाना, एकच बल्ब फडफडतो का सगळे?"

"सगळे. फ्रिज सुरू झाला की जास्तच."

"आन शेजारी?"

"त्यांचे ठीक आहेत."

"मग रोग बल्बाला न्हाई. यायच्या वाटंला हाय, न्हाईतर जायच्या."

"जायच्या म्हणजे?"

"वीज आली की तिला माघारी जावं लागतं. एक तार येनारी, एक परतीची. परतीची वाट धड नसली का दिवा असा उचक्या देतो."

"उचकी कोनीतरी आठवन काढल्याबिगर लागत न्हाई," चुलीपाशी बसलेल्या बनुआक्का म्हणाल्या. निकिता हसली.

रंगनाथ घुटमळले. मग चाचरत म्हणाले, "एक सांगू का? चुकत असेन मी. पण महिन्याच्या श्राद्धाला दिवे दिवसभर नीट होते. नुसते नीट नाही, लख्ख."

"त्या दिशी घास मिळाला ना तिला!" आक्का लगेच म्हणाल्या.

निकितानं मात्र हातातलं टेस्टर खाली ठेवलं. "त्या दिवशी येगळं काय केलं होतं, नाना?"

"काही नाही. पंगत बसली. जेवणं झाली. लोकांनी मागल्या दारी हात धुतले."

"मागल्या दारी कुठं?"

"तिथंच. नळीपाशी."

मागल्या दाराच्या पायरीपासून चार हातांवर जमिनीतून एक गंजकी लोखंडी नळी वर आली होती. तिला बांधलेली तार भिंतीवरून घरात गेली होती. भोवतालची माती वाळून भेगाळली होती. नळी बघून रंगनाथांना कसनुसं हसू आलं.

"भीमा रोज संध्याकाळी हिला पाणी घालायची. तांदळाचं धुवण, भाजीचं पाणी, जे असेल ते. मी म्हणायचो, अगं, लोखंडाला पालवी फुटणार आहे का? मला वाटायचं, काहीतरी नेमधर्म असेल तिचा. पण पायांत चपला घालून, लांबून पाणी भिरकावायची. असला कसला नेम, म्हणून चिडवायचो. ती हसून आत यायची आणि म्हणायची, 'वाचा आता.'"

निकिता आत गेली. तिनं मेन स्विच बंद केला, मीटरखालचा बोर्ड उघडला आणि बराच वेळ बघत राहिली. मग तिनं चिकटपट्टी गुंडाळलेला एक जोड बोटानं दाखवला. पट्टीवरून पांढरा दोरा घट्ट वेढला होता.

"पट्टीवर दोरा वेढायची सवय आमच्या अण्णांची. त्यांचंच काम हे. कंदी तरी वादळात खांबावरनं येनारी परतीची तार तुटली असंल. तवा अण्णांनी चार दिवसांपुरती परतीची वाट त्या नळीतनं, जमिनीतनं काढून दिली. जमीन वली असली का ती वाट चालती. बायांना सांगायचे, वैनी, तार जोडस्तवर रोज पानी घाला. चपला घालून, लांबनं. नळीला हात लावायचा न्हाई." तिनं दोऱ्यावरून बोट फिरवलं. "लई धोक्याचं काम, नाना. करू नये असं. पर दिवा नीट लागला आन पुन्ना कोनी बोलावलंच नसंल."

"चार दिवसांपुरतं," रंगनाथ पुटपुटले.

"खात्री करू. चपला घाला. पायरीवरनंच वता."

तिनं मेन स्विच चालू केला. आत बल्ब पुन्हा पिवळा, मलूल लुकलुकायला लागला. रंगनाथांनी पायरीवरून बादलीभर पाणी नळीच्या बुडाशी ओतलं. भेगांनी ते घटाघटा पिऊन टाकलं.

क्षणभर काही झालं नाही. मग आतून बनुआक्कांचा आवाज आला, "आगं बया! रंगा, आरं हिकडं ये! कसा ढनाढना पेटलाय बघ!"

रंगनाथ जागचे हलले नाहीत. दारातून दिसणारा तो पांढराशुभ्र उजेड आणि पायाशी काळी पडत चाललेली माती ते आळीपाळीनं बघत राहिले. तांदळाचं धुवण इथं मुरायचं आणि तिकडं आपल्या पुस्तकाच्या पानावर उजेड पडायचा. आपण राजांच्या, ऋषींच्या, दूरदेशीच्या दर्यावर्दींच्या गोष्टी वाचत बसलो. ज्या उजेडात वाचल्या, तो कुठून येतो हे कुठल्याच पानावर नव्हतं. त्यांनी भिंतीला हात टेकला.

"मंजी ही भीमा नव्हं व्हय?" आक्का पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्यांचा आवाज जरा हिरमुसला होता.

"भीमाकाकूच की, आक्का," निकिता म्हणाली.

आक्का नळीकडे बघत राहिल्या. "कावळा का शिवला न्हाई ते आत्ता कळलं बघ. आपन काशी न् गाय कबूल करत बसलो. पान्याचं कोनीच बोललं न्हाई."

निकितानं लाइनमनला बोलावून घेतलं. खांबापासून नवी तार आली, जुना जोड सुटला. उन्हं कलायच्या आत काम उरकलं. "आता दिव्याला पान्याची गरज न्हाई, नाना," ती हत्यारं आवरत म्हणाली. रंगनाथांचा चेहरा तिला दिसला असावा, कारण ती थांबली. "पर नळी राहू द्या. आता ती खरी अर्थिंग. फ्रिजला कंदी करंट उतरला तर हितनं जमिनीत जाईल, मानूस वाचंल. तिला वल लागतीच."

दिवेलागणीला रंगनाथ मागल्या दारी गेले. कोपऱ्यात भीमाबाईंच्या रबरी चपला भिंतीला टेकवून उभ्या होत्या. त्यांनी त्या पायांत सरकवल्या. टाचा मागं जमिनीला टेकल्या. तांब्यातलं तांदळाचं धुवण त्यांनी तिच्यासारखं लांबून भिरकावलं. निम्मं नळीला लागलं, निम्मं त्यांच्याच पायांवर सांडलं.

ते आत आले. दिवा निश्चल होता. त्यांनी पुस्तक उघडलं, चष्मा लावला, आणि कुणी तरी 'वाचा आता' म्हणायची वाट बघत असल्यासारखे तसेच बसून राहिले.