शेजाराचा सौदा

डोंगराला वरच्या अंगानं भेग पडली, तेव्हाच वाडीनं उठायचं ठरलं. विंझरच्या रस्त्याला नवी घरं झाली आणि कुणाला कुठलं, याच्या चिठ्ठ्या घागरीतून निघाल्या. आक्काबाईला मिळालं कोपऱ्याचं घर. दारात एसटी, दारात नळ. सगळ्या वाडीच्या पोटात दुखलं. आक्काबाईच्याही दुखलं, पण कारण वेगळं. अंबूबाईचं घर निघालं होतं पार मागच्या टोकाला.

या दोघींचा जन्म एका कुडाच्या दोन बाजूंनी भांडण्यात गेला होता. अंबूबाईच्या शेळीनं आक्काबाईचा भोपळा खायचा, आक्काबाईनं तिच्या सात पिढ्या उद्धरायच्या, अंबूबाईनं आठवी हुडकून काढायची. आणि एकीचं दही बिघडलं की दुसरी अबोला न मोडता विरजणाची वाटी कुडावर ठेवायची. आता कोपऱ्यावर भांडायचं कुणाशी, कंडक्टरशी? पण 'मला अंबीच शेजारी पाहिजे' म्हणायचं, तर जीभ झडली असती.

अंबूबाईच्या शेजारचं घर सावळारामाचं. गडी असा, की फुकटचं घेतानाही उपकार करणारा. आक्काबाई त्याच्यापुढं धूळ, हॉर्न आणि आपल्या म्हाताऱ्या नवऱ्याची मोडणारी झोप यांचं रडगाणं गाऊन आली. सावळारामाच्या डोळ्यांपुढं कोपऱ्यावरची चहाची टपरी उभी राहिली. केवळ मावशीसाठी म्हणून तो अदलाबदलीला तयार झाला आणि वर एक कोंबडीही मागून घेतली. आक्काबाईनं ती इतक्या दुःखी तोंडानं दिली, की त्याला स्वतःच्या हुशारीची भीतीच वाटली. घरं वाटणाऱ्या सरकारी साहेबांनी दोघांचे अंगठे घेतले, काम पक्कं झालं.

"दारातली एसटी सोडून त्या बाईच्या उशाला चाललीस?" नवऱ्यानं, हैबतीनं विचारलं.

"तिच्यावर नजर ठिवाया कुनीतरी नगं का?"

हैबतीनं तंबाखू या गालातून त्या गालात नेली आणि गप हसला.

टेम्पो दारात लागला, तेव्हा अंबूबाई पायरीवर गहू निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "कोपरा सोडलास व्हय, आक्का? लोक येडी म्हनतील."

"तू आदी तुजी शेळी आवर."

"आवरते की. पर तिनं खायाचं काय? भोपळा तरी लाव." आणि तिनं पदराची गाठ सोडून मूठभर बिया पुढं केल्या.

आक्काबाईनं बिया ओळखल्या. आपल्याच भोपळ्याच्या. म्हणजे इतकी वर्षं शेळी एकटी खात नव्हती तर!

सामान टेम्पोतच राहिलं. आक्काबाईनं पदर खोचला आणि पहिल्या पिढीपासून सुरुवात केली.