उंबरावरचा शकुन

मी दयाळ, विचुंबे गावच्या उंबरावरचा. तुम्ही मला ऐकलं असेल, पाहिलं असेलच असं नाही. पहाटे तुम्ही कूस बदलून पुन्हा झोपता, तेव्हा बाहेर जो जीव तोडून शीळ घालत असतो, तो मी. पाठ काळीभोर, पोट पांढरं आणि शेपटी कायम वर. त्यात गर्वाचा भाग नाही असं म्हणवत नाही.

माझा जन्म कर्नाळ्याच्या रानातला. किल्ल्याच्या पायथ्याशी एका किडक्या झाडाच्या ढोलीत आम्ही भावंडं वाढलो. बाहेर बाप गायचा, ते ऐकून मी शिकलो. थोडं बुलबुलाचं चोरलं, थोडं हळद्याचं. पंखांत बळ आल्यावर काही दिवस बापाने किडे भरवले आणि एका सकाळी तोच माझ्यावर धावून आला. तेव्हा फार वाईट वाटलं. आता कळतं, आमच्यात रानाच्या एका तुकड्यावर एकच गाणारा राहतो. ते रान त्याचं होतं. मला माझं शोधायचं होतं.

शोधत शोधत हायवे ओलांडला आणि गाढी नदीच्या कडेने इथे आलो. चारी बाजूंनी नव्या सोसायट्या, मध्ये जुनं गाव आणि गावात एकच उंबर शिल्लक. त्याला ढोली होती, खाली ओलसर माती होती, मातीत अळ्या होत्या. आणखी काय पाहिजे?

उंबराखाली ठमाबाईचा ओटा. ठमाबाई धवलारीण, म्हणजे आगऱ्यांच्या लग्नात धवले गाणारी. तिने गायल्याशिवाय लग्नातला एकही विधी पुढे सरकत नाही. एका झाडाशी दोन गाणारे म्हटल्यावर मी आधी तिला हुसकून लावायचा प्रयत्न केला. ती ढिम्म हलली नाही. शेवटी मीच तिला राहू दिलं.

माणसांचं मला भारी कुतूहल. मी गातो त्याचा अर्थ सरळ असतो : ही जागा माझी, पुढे पाऊल टाकलंस तर बघ. तुमच्यात उलटंच दिसतं. पहिल्यांदा एका हळदीला स्पीकरच्या भिंती वाजल्या तेव्हा मला वाटलं, या घराला केवढा मुलूख राखायचा असेल, आता इकडे कोणी फिरकणार नाही. तर जो तो तिकडेच निघालेला. गाणं ऐकून जवळ कसं जायचं, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

तुमच्या आरशांचंही तसंच. शेजारच्या काशिरामच्या मुलाची, प्रितमची मोटरसायकल उंबराखाली उभी असते. तिच्या आरशात एक आगाऊ दयाळ राहतो. त्याच्याशी मी आठवडाभर भांडलो. तो दमला नाही, मी दमलो. शेवटी प्रितमनेच आरशांना पिशव्या बांधल्या.

आता गेल्या वर्षीचं सांगतो.

माझी जोडीदारीण राखाडी रंगाची. तोरा माझा, काम तिचं. ढोलीत मुळ्या आणि केस आणून तिने घरटं केलं, अंडी तिनेच उबवली. पिल्लं निघाली आणि तेव्हाच गावात लग्नं निघाली. आमचा आणि तुमचा हंगाम एकच. लग्नाच्या मांडवाची पहिली मेढ, म्हणजे खांब, उंबराची लागते आणि उंबर तर एवढा एकच. माणसं हळदकुंकू, नारळ, कोयता घेऊन आली. कोयता ढोलीच्या फांदीला टेकला तसा मी आधी चर्र चर्र करून ओरडलो. मग बापाकडून शिकलेलं, चोरलेलं, होतं नव्हतं ते सगळं ओरडलो. माणसं थांबली. मला वाटलं, जिंकलो. त्यांनी हात जोडले.

"दयाल बोलला. शकुन झाला," ठमाबाई म्हणाली आणि तिने मला तिथल्या तिथे धवल्यात गुंफलं. पाखरू मांडवाला आशीर्वाद देतं, असं काहीतरी ती गात राहिली. फांदी खाली आली.

जिथे ढोली होती त्या मोकळ्या हवेत माझी जोडीदारीण दुसऱ्या दिवशीही चोचीत अळी घेऊन जात होती.

थंडीत आम्ही गात नाही. लोकांना वाटतं दयाळ गेला. मी इथेच होतो, विचार करत होतो.

यंदा वरच्या फांदीला दुसरी ढोली सापडली. पिल्लं झाली आणि प्रितमचं लग्न ठरलं. त्या सकाळी सगळे कोयता घेऊन येताना दिसले, तेव्हा मी ठरवलं की चोच उघडायची नाही. आपला आवाज ऐकूनच कोयता चालतो, तर आवाजच नको.

पण गप्प राहणं आमच्यात सोपं नसतं. पलीकडच्या सोसायटीच्या टाकीवर एक तरणा दयाळ कधीपासून टपलेला होता. हंगामात मी सकाळी गायलो नाही, म्हणजे दार उघडं टाकून गेलो.

पूजा झाली. ठमाबाईने धवला धरला. सगळे वर बघत थांबले. मी पानाआड घट्ट बसलो. तेवढ्यात टाकीवरून त्या पोरट्याने खणखणीत सूर लावला.

"बोलला," काशिराम म्हणाला. "हाण रं प्रितम."

"थांब," ठमाबाई म्हणाली. "त्यो टाकीवरचा. आपला गप हाय."

"काकी, पाखराचा यवरा काय इचार? मांडववाला थांबलाय," काशिरामने घाई केली.

माझी जोडीदारीण तेव्हाच आली. चोचीत हिरवी अळी. खाली माणसं पाहून ती ढोलीपुढच्या काटकीवर थबकली. आत जाईना, उडून जाईना. ठमाबाईचा धवला मध्येच तुटला.

"काशिराम, तिचे चोचीन घास हाय, बग. गिलत नाय."

"मंग?"

"आयस हाय ती. पोरां हायत आत." ती मटकन ओट्यावर बसली. "गेले वरसाला पन आसतील रं. त्यो वरडत व्हता आन मी गात बसली."

प्रितमने कोयता खाली ठेवला. मग काशिरामनेच पलीकडची हाताएवढी डहाळी मोडली आणि म्हणाला, "लोखंडी खांबाला बांदू. उंबर तो उंबर." मांडव उभा राहिला, लग्नही लागलं. मी टाकीवर झेपावलो. शेपटीचं एक पीस गेलं आणि नदीकडची बाजू त्या पोरट्याने बळकावली ती बळकावलीच. त्याचं मला दुःख आहे. पण उंबर राखला.

काल पिल्लं ढोलीबाहेर आली. आखूड शेपट्या सांभाळत वायरीवर ओळीने बसली आहेत. काही दिवसांनी मलाच त्यांच्यावर धावून जावं लागेल. तुम्हाला एवढंच सांगणं आहे की आमचा आवाज कानी पडला, तर हात जोडण्याआधी एकदा वर बघत जा.

आज पहाटे मी नेहमीसारखा सूर लावला. ठमाबाई ओट्यावर चहा पीत होती. तिने कप खाली ठेवला, मान वर केली आणि विचारलं, "काय रं बाबा, गातोस का वरडतोस?"

मी एक फांदी खाली उतरलो. इतक्या वर्षांत हे मला कोणी विचारलंच नव्हतं.