हेल्मेटला यमक

मी यमककोश बोलतोय. इंग्रजीतला, जाडजूड, पाठीवरची सोनेरी अक्षरं उडालेला. कुठलाही इंग्रजी शब्द घ्या, त्याला यमक शोधून द्यायचं, एवढंच माझं काम. या कामाची जगाला केवढी गरज आहे ते मी काय सांगावं! तुम्ही तर सकाळी उठल्यापासून त्याच काळजीत असता.

माझ्या पानावर दोन थर असतात. वर ठळक टायपात पूर्ण यमकं, म्हणजे 'नाइट'ला 'लाइट'. खाली बारीक टायपात जवळपासची यमकं, म्हणजे 'होम'ला 'फोन'. कानानं थोडी मेहेरबानी केली तर जुळणारी. ही बारीक टायपातली मंडळी मला कधी आवडली नाहीत. ओळख नसताना पंगतीत बसून घेणारे असतात ना, त्यातलीच ती.

छापलो दिल्लीत, पण आयुष्य गेलं छत्रपती संभाजीनगरात. आधी एका कॉलेजच्या लायब्ररीत होतो. तिथं माझा सखोल अभ्यास फक्त वाळवीनं केला. मग रद्दीत निघालो आणि क्रांती चौकात मुबारकभाईंच्या फुटपाथवर आलो. एका बाजूला पोलीस भरतीचं गाईड, दुसऱ्या बाजूला पोट कमी करायचं पुस्तक. दोघंही धडाधड विकली जायची. मी आपला ऊन खात पडलेला.

कंपनीच्या बसची वाट बघणाऱ्या गोकुळनं मला तिथं उचललं. पिशोरचा माणूस, वाळूजच्या एका कंपनीत मशीनवर. त्यानं चार पानं चाळली तसे मुबारकभाई म्हणाले, "लेके जाव मामू. मोटी किताब है, कुछ नहीं तो खिडकी को टेका होयेगा." माझी इतकी मनापासून शिफारस त्याआधी कुणी केली नव्हती.

गोकुळला मी हवा होतो घोषवाक्यांसाठी. कंपनीत दरवर्षी सुरक्षा सप्ताह असतो. त्यात घोषवाक्य स्पर्धा. मशीनवर उभी माणसं मराठी आणि हिंदी बोलणारी, तेव्हा घोषवाक्य इंग्रजीतच हवं, हे ओघानं आलंच. गोकुळ जेवण झालं की मला मांडीवर घ्यायचा, बोट फिरवत शब्द लावायचा आणि बायकोला, दीपमालाला वाचून दाखवायचा.

एका वर्षी त्यानं 'हेल्मेट' शोधलं. माझ्याकडं 'हेल्मेट'ला पूर्ण यमक नाही. एकही नाही. बारीक टायपात तेवढं 'वेल्वेट' आहे. गडी खूश. त्यानं लिहिलं, 'वेअर युअर हेल्मेट, लाइफ इज वेल्वेट.' मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परीक्षक साहेबही माझ्याच जातीचे निघाले. "यमक पूर्ण जुळत नाही," म्हणाले, आणि पहिलं बक्षीस मोबाईलवरून उतरवलेल्या वाक्याला दिलं. गोकुळला उत्तेजनार्थ कॅसरोल मिळाला. त्याला दरवर्षी उत्तेजनार्थच मिळायचं. घरात पोळ्या कमी आणि कॅसरोल जास्त झाले होते.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मात्र त्याचं पहिलं बक्षीस ठरलेलं. बायकांनी नाव घ्यायचा आग्रह केला की दीपमाला इंग्रजी शब्दावर संपणारा उखाणा घ्यायची. शब्द गोकुळनं माझ्यातून काढून दिलेला असायचा. "दारापुढं रांगोळी, तिला गुलाबी बॉर्डर, गोकुळराव ऐकतात माझी प्रत्येक ऑर्डर." सगळी गल्ली हसायची आणि गोकुळ आत चहा गाळता गाळता लाजायचा. बॉर्डर आणि ऑर्डर माझ्या ठळक टायपातले, हे नम्रपणे नमूद करतो.

मग गोकुळ गेला. छातीत कळ आली आणि दवाखान्याच्या दारापर्यंत पण पोचला नाही. त्यानंतर संक्रांत आली की दीपमालाला हळदीकुंकवाला बोलावणं बंद झालं, आणि नाव घे म्हणणं तर बंदच झालं. कुणी वाईट बोललं नाही. माणसं लई सभ्य असतात, नुसती बोलवायचं विसरतात. मी टीव्हीखाली सेटटॉप बॉक्सला टेका द्यायला गेलो. मुबारकभाईंचा अंदाज फक्त खिडकीपुरता चुकला.

यंदा त्यांच्या लेकीचं, श्रेयाचं लग्न ठरलं. मुलगा सार्थक. चांगला आहे, बुलेट चालवतो, हेल्मेट नेमानं वापरतो, फक्त ते कोपरात अडकवतो. श्रेयानं स्वतःच्या उखाण्यासाठी मोबाईलला विचारलं. मोबाईलनं क्षणात दिला, आणि तोच उखाणा तिच्या दोन मैत्रिणींनी आधीच घेऊन झाला होता. त्याचं तिला काही नव्हतं. तिचं लक्ष आईकडं होतं.

"मम्मी, लग्नात तू पप्पांचं नाव घ्यायचं."

"येडी झाली का? आक्कांना चालायचं नाही. लोक काय म्हणतील?"

"तू नाही घेतलंस तर मी पण नाही घेणार. बघ मग."

दीपमाला उठून पोळ्या लाटायला गेली. दुपारी श्रेया ऑफिसात असताना तिनं सेटटॉप बॉक्स बाजूला केला आणि मला बाहेर काढलं. इंग्रजी तिला अडखळतच वाचता येतं. तरी ती थेट 'हेल्मेट'च्या पानावर गेली, कारण तिथं गोकुळच्या अंगठ्याचा ग्रीसचा डाग आहे. त्या डागावर तिनं आपला अंगठा टेकवला.

लग्नाच्या दिवशी श्रेयानं मला रुखवतात मांडलं. खाली डेकोरेटरचं लाल वेल्वेट, त्यावर लाडू, करंज्या, उत्तेजनार्थ कॅसरोलांची उतरंड आणि मध्ये मी. आवडाबाई आल्या. या गोकुळच्या थोरल्या बहीण, म्हणजे दीपमालाच्या आक्का, पिशोरहून आलेल्या. लग्नातला सगळा रीतरिवाज त्यांच्या हुकमानं चालतो.

"हे पुस्तक कशाला गं रुखवतात? लोणच्याची बरणी ठेव की तिथं."

"पप्पांचं आहे, आत्या."

आवडाबाईंनी उचललेली बरणी परत खाली ठेवली.

मग नावं घेणं सुरू झालं. मामी झाली, चुलती झाली. 'केसात गजरा' आणि 'नवरा हसरा' कुणीतरी एकाच दमात जुळवलं, मी कान मिटून घेतले. फिरत फिरत पाळी दीपमालावर आली. ती खांबाला धरून मागं उभी होती. आवडाबाई घाईनं म्हणाल्या, "तिला राहू द्या. तिला बीपी हाय."

दीपमालाला बीपी नाही. खरा शब्द तोंडातून काढवत नव्हता, म्हणून आवडाबाईंनी जवळपासचा काढला. माणसं दिवसभर हेच करतात आणि वर माझ्या बारीक टायपाला नावं ठेवतात.

श्रेयाची पाळी आली. ती आईकडं बघत उभी राहिली.

"घे की गं," बायका म्हणाल्या. सार्थकही बघायला लागला.

"आधी मम्मी," श्रेया म्हणाली. "नाही तर मला पण राहू द्या."

फोटोग्राफरनं सुद्धा कॅमेरा खाली घेतला, आणि ही जमात सहसा कशानं थांबत नाही. आवडाबाईंचा चेहरा उतरला. लेकीचं नाव घेणं राहिलं असतं तर वरमाईनं ते जन्मभर काढलं असतं, आणि दीपमाला बोलली असती तर गावानं. दीपमाला खांब सोडून पुढं आली. तिनं एक हात माझ्यावर ठेवला आणि जावयाकडं बघून म्हणाली,

"रुखवताखाली अंथरलंय लाल लाल वेल्वेट,
गोकुळरावांचं नाव घेते, घालत जा हो हेल्मेट."

कुणी हसलं नाही. सार्थकनं मान खाली घातली. आवडाबाई मागं सरकून खुर्चीत बसल्या. आता काय ऐकावं लागतंय म्हणून मी पानं घट्ट मिटून बसलो.

"दीपमाला," त्या म्हणाल्या, "पुन्हा म्हण गं एकदा. माझ्या भावाचं नाव लई दिसांनी कानावर आलं. कुणी घेतच नाय."

दीपमालानं पुन्हा म्हटलं. या खेपेला आवडाबाईंनी पदर तोंडाला लावला होता. मग श्रेयानं मोबाईलचाच उखाणा घेतला, आणि तो कुणीच नीट ऐकला नाही.

आता मी टीव्हीखाली नाही, टीव्हीवर आहे. बढती म्हणायची. वाळवीला पत्ता लागलेला नाही, तोवर ठीक चाललंय. सार्थक हेल्मेट घालतो, निदान सासूच्या गल्लीत शिरताना तरी. एकच विनंती करतो. तुमच्या ओळखीत कुणी अशी बाई असेल तर बीपीचं निमित्त काढू नका, तिला नाव घ्यायला सांगा. यमक जुळायची वाट बघू नका.

आवडाबाई मधूनमधून पिशोरहून बसनं येतात. चहा होतो, आणि मग त्या दीपमालाला तो उखाणा म्हणायला लावतात. वेल्वेट आणि हेल्मेट जुळत नाहीत, हे त्या घरात फक्त मला ठाऊक आहे. आणि खरं सांगू, आता मलाही ते जुळलेलंच ऐकू येतं.