जाळीवरची पट्टी

‘‘व्हर्लनकाका, पाण्याचा काटा चढतोय! मी काय केलं?’’

तीन वर्षांपूर्वी शर्यतीच्या गाडीतून रेडिओवर आलेला कोरीनचा तो आवाज तिचा मेकॅनिक व्हर्लन टीग याच्या कानातून अजून उतरला नव्हता. मोसमाच्या पहिल्या शर्यतीत जागा मिळवायची पात्रता फेरी होती ती. आधी घड्याळ लावून एकट्याने दोन फेऱ्या मारायच्या; तेवढ्यापुरती गाडीच्या तोंडावरची जाळी चिकटपट्टीने बंद करतात. वारा आत न शिरता वरून निसटतो, गाडी सुसाट पळते. पण इतर गाड्यांच्या घोळक्यात उतरण्याआधी ती पट्टी सोलावीच लागते, नाहीतर इंजिनाचं पाणी उकळतं. व्हर्लन सोलायला विसरला. गाडी धुरात परत आली, तेव्हा त्या धुरातच त्याने पट्टी ओरबाडून खिशात कोंबली, आणि गाडीच्या मालकाने विचारल्यावर पट्टीचा विषयच काढला नाही.

इंजिन जाळलं म्हणून कोरीन स्ट्राउडचं नाव ‘इंजिनजाळी’ पडलं. हातची गाडी गेली, पोर शाळेची बस चालवू लागली. यंदा भावाच्या शेडमध्ये जोडलेली गाडी घेऊन परत आली, तेव्हा पहिला फोन तिने व्हर्लनलाच केला. ‘‘तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाचा हात नको गाडीला, काका.’’

फ्लोरिडातला फेब्रुवारी. संत्र्याच्या मोहोराचा वास, त्यात जळक्या रबराचा. शेजारच्या गाडीचा मेकॅनिक होइट उकडलेल्या शेंगा खात कुंपणाला टेकला होता.

‘‘काय गं कोरीन, आज कॉफी उकळणार का इंजिनावर?’’

‘‘उकळते की. कप घेऊन मागोमाग ये तू. पुढे यायला काही तुमच्या गाडीला जमायचं नाही.’’

घड्याळाच्या दोन फेऱ्या आटोपल्यावर व्हर्लनने पट्टी सोलली. जाळीवरून बोटं फिरवली, पुन्हा फिरवली, आणि तिसऱ्यांदाही.

फेऱ्या पंचवीस, पहिल्या दोघांनाच रविवारची शर्यत. कोरीन अकरावी सुटली. वळणामागून वळण, गाडीमागून गाडी. कधी भिंतीच्या अंगाने, कधी आतल्या पांढऱ्या रेघेला चाटून ती पुढे सरकत गेली. कठड्यावर चढलेला व्हर्लन रेडिओत कुजबुजत होता, ‘‘आत मोकळं... आता दाब... काटा?’’

‘‘झोपलाय, काका. घोरतोय.’’

विसाव्या फेरीला ती तिसरी. दुसरा येईना हाताशी. शेवटच्या फेरीत पुढचे दोघे एकमेकांना अडवत वर भिंतीकडे सरकले आणि खाली गाडीभर वाट उघडली. व्हर्लनच्या तोंडून शब्द फुटायच्या आत कोरीन तिथे शिरली होती. उतारावरून सुटलेल्या पाण्यासारखी ती दोघांच्या बगलेतून निघाली, आणि शेवटचा झेंडा आधी तिच्यासाठी हलला. पहिली! एकच गजर झाला. होइटच्या शेंगा सांडल्या.

‘‘काका! बघितलंत?’’ ती हसत होती, रडतही होती. ‘‘या वेळी जपलं हो मी इंजिन. तेव्हा अ‍ॅक्सिलरेटरवर माझाच पाय जड पडला होता.’’

इथे प्रेक्षक कानाला यंत्रं लावून चालकांचं बोलणं ऐकत बसतात. हजारो कान होते, होइटचेही, त्या जुन्या मालकाचेही. खाजगीत सांगता आलं असतं. पण तिचं नाव चारचौघांत गेलं होतं.

व्हर्लनने बटण दाबलं.

‘‘पोरी, तुझा पाय जड नव्हता. त्या दिवशी जाळीवरची पट्टी मी सोललीच नव्हती. इंजिन मी जाळलं.’’